पाचांमुखी परमेश्वर?

पाचांमुखी परमेश्वर असतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु तेच पाचजण एका सुरात खोटे बोलू लागले, तर परमेश्वराने कोठे जावे? विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ पुन्हा वाचताना हा प्रश्न काही केल्या मनातून जाईना.

या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. तेव्हापासून चर्चा झाली ती मुख्यतः नाना फडणविसांच्या चित्रणाविषयी, नाही तर सत्ता आपल्या सोयीसाठी घाशीराम कसे पोसते याविषयी. मला मात्र वाटते, नाटकाचा खरा नायक ना नाना, ना घाशीराम; तो आहे ती गाणारी, डोलणारी माणसांची रांग. आपल्याकडे तोंड करून उभी राहिली की ती पुण्याचा ब्राह्मणवृंद होते. पाठ फिरवली की भिंत होते. माणसाची भिंत व्हायला नुसती पाठ फिरवणे पुरते, हे तेंडुलकरांनी उपदेशाचे एक वाक्यही न लिहिता दाखवले आहे. परक्या घाशीरामाला चोर ठरवून हाकलणारी मंडळी हीच, तो कोतवाल होताच त्याच्यापुढे वाकणारी हीच, आणि अखेर त्याच्या रक्तासाठी ओरडणारीही हीच. मत तीनदा बदलते. सूर मात्र एकदाही सुटत नाही.

येथेच माझी एक तक्रार आहे. या रांगेतून एकही जण पाऊल बाहेर टाकीत नाही. सूत्रधार टोचून बोलतो खरा, पण नाचतो त्याच तालावर. समूहाचे बळ तेंडुलकरांनी अचूक हेरले; त्याचे दुबळेपण हेरले नाही. सॉलोमन अ‍ॅश या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. नमुन्याच्या रेघेएवढी रेघ कोणती, एवढाच प्रश्न. आधी पढवून ठेवलेली मंडळी एकमुखाने चुकीचे उत्तर देत. खरे काय ते समोर दिसत असूनही नवख्यांची सुमारे एक-तृतीयांश उत्तरे घोळक्यामागे गेली. पण पुढे खरे बोलणारा एकच सोबती दिला, तेव्हा हे प्रमाण विसांत एकापर्यंत खाली आले!

गंमत अशी, की नाटकात जे घडले नाही ते नाटकाबाहेर घडले. विरोध वाढला, १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवले. तेव्हा त्यातलीच काही मंडळी रांग सोडून बाहेर पडली, १९७३ साली त्यांनी ‘थिएटर अ‍ॅकॅडमी’ स्थापन केली आणि नाटक पुन्हा उभे केले.

दिवाळीच्या फराळाला चारजण जमले की राजकारण निघतेच. चौघांचे एकमत होते. कोपऱ्यातला पाचवा चकली मोडीत गप्प बसतो. त्याला विचारा. तो पाचवा बोलल्याखेरीज पाच पुरे होत नाहीत.