यान परवडत नाही तेव्हा

कमी पैशांत काढलेल्या सायन्स फिक्शन सिनेमाचं कौतुक करायची आपली एक ठरलेली पद्धत आहे. "एवढ्याशा बजेटमध्ये काय भारी केलंय राव!" यूट्यूबवर, ऑफिसच्या ग्रुपवर, चहाच्या टपरीवर, सगळीकडे हेच वाक्य. मला हे कौतुक खटकतं. खरा सिनेमा म्हणजे महागडा सिनेमा, आणि हा स्वस्तातला गडी त्याच्या किती जवळ पोचला एवढंच मोजायचं, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. जणू गरीब घरातल्या पोराला "वाटत नाही हो तुमच्याकडे बघून" असं म्हणावं.

परग्रहवासीयांशी संपर्क या गोष्टीला दोन टोकं असतात. एका टोकाला येणारा, दुसऱ्या टोकाला तो ज्याला भेटतो तो. मोठ्या स्टुडिओचा पैसा साहजिकच पहिल्या टोकावर खर्च होतो: यान, प्राणी, कोसळणाऱ्या इमारती. खिशात तेवढे पैसे नसले की दिग्दर्शकाच्या हातात दुसरं टोक तेवढं उरतं. मग 'ते कसे दिसतात?' हा प्रश्न मागे पडतो आणि 'ते आलेत हे कोणी सांगितलं, आणि त्याचं कोणी ऐकलं?' हा प्रश्न पुढे येतो. या प्रकारातले चांगले स्वस्त सिनेमे याच प्रश्नावर उभे आहेत, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी तीन अमेरिकन कथा घेते. त्यातल्या एकीचा दिग्दर्शक ब्रिटिश आहे. शेवटही सांगणार आहे, तेव्हा ज्यांना स्पॉयलर चालत नाहीत त्यांनी आधी सिनेमे बघून यावं.

पहिला अँड्र्यू पॅटरसनचा 'द व्हास्ट ऑफ नाइट' (२०१९). खर्च सुमारे सात लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं पाचेक कोटी रुपये. काळ १९५०च्या दशकातला, जागा न्यू मेक्सिकोमधलं कायुगा नावाचं काल्पनिक छोटं गाव. शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलची मॅच आहे आणि अख्खं गाव तिकडे गेलंय. बाहेर दोघंच कामावर आहेत: फे ही टेलिफोन एक्स्चेंजवर बसणारी सोळा वर्षांची मुलगी, आणि एव्हरेट हा गावातल्या रेडिओ स्टेशनचा निवेदक. फेला लाइनवर एक विचित्र आवाज ऐकू येतो. सिनेमा म्हणजे त्या आवाजाचा माग.

रिकामं गाव चित्रित करायला स्वस्त पडतं, हे उघड आहे. पण गाव रिकामं का, याला कथेतही अर्थ आहे. सगळे एकाच ठिकाणी, एकाच गोष्टीकडे बघत बसलेत. आकाशात काय चाललंय ते ज्यांना कामावरून उठता येत नाही त्यांनाच कळतं.

फेच्या स्विचबोर्डचा प्रसंग मी किती वेळा पाहिला असेल, मोजलेलं नाही. कॅमेरा कट न घेता कित्येक मिनिटं तिच्यावर आहे. ती एक वायर काढते, दुसरी लावते, एकीला विचारते, दुसरीला थांब म्हणते, मधेच लाइन तुटते. रात्री दोन वाजता सर्व्हर पडल्यावर ज्यांनी लॉग चाळलेत त्यांना हे लगेच ओळखू येईल. आवाज कुठल्या लाइनवर येतोय? आणखी कोणाला ऐकू येतोय? बंद करून पुन्हा जोडलं तर येतो का? फे घाबरलेली आहे, पण हात थांबत नाहीत. परग्रहावरून कोणीतरी आलंय ही खबर इथे एका मुलीच्या कामातून आपल्यापर्यंत येते.

मग एव्हरेट तो आवाज रेडिओवर ऐकवतो आणि कोणाला माहिती असेल तर फोन करा म्हणतो. बिली नावाच्या माणसाचा फोन येतो. तो पूर्वी लष्करात होता. वाळवंटात नेऊन त्याच्याकडून आणि इतरांकडून एका गुप्त वस्तूभोवती काम करून घेतलं होतं, तिथेच त्यानं हा आवाज ऐकला होता. बोलता बोलता तो सांगतो की तो कृष्णवर्णीय आहे, आणि त्या कामावर घेतलेले सगळे कृष्णवर्णीय किंवा मेक्सिकन होते. त्यांनी बाहेर जाऊन काही सांगितलं तरी कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणूनच त्यांना निवडलं होतं. या फोनच्या दरम्यान पडदा मधूनमधून पूर्ण काळा होतो. मोबाइलवर बघताना क्षणभर वाटतं, बॅटरी गेली. नुसता आवाज उरतो. बिलीचा चेहरा आपल्याला शेवटपर्यंत दिसत नाही.

मी ज्या टीममध्ये आहे ती कॉल सेंटरवर येणारे फोन मजकुरात उतरवणारं सॉफ्टवेअर बनवते. प्रत्येक वाक्याला मॉडेल एक कॉन्फिडन्स स्कोअर देतं. ठरलेल्या आकड्याखाली गेलेलं वाक्य पुढच्या रिपोर्टमध्ये येतच नाही. मागे ट्रॅक्टर चालू असलेला शेतकरी, दात पडलेली आजी, हिंदीत सुरुवात करून मधेच वऱ्हाडीत शिरणारा माणूस, यांचे आकडे खाली जातात. हे कोणी वाईट हेतूनं केलेलं नसतं. थ्रेशोल्ड असतो, इतकंच. 'द व्हास्ट ऑफ नाइट'मधल्या लष्कराला हा थ्रेशोल्ड नेमका माहीत आहे. ज्यांचा आवाज समाज आपणहून गाळून टाकतो, त्यांनाच ते गुपित सांभाळायला देतात. वेगळं कुलूप लावायची गरजच नाही. परग्रहवासीयांवरच्या इतर कुठल्या सिनेमात मला इतकी थंड भीती वाटलेली नाही, आणि त्या क्षणी पडद्यावर खर्च शून्य आहे.

एव्हरेटच्या स्टेशनचं नाव डब्ल्यूओटीडब्ल्यू. ही 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'ची आद्याक्षरं आहेत. ३० ऑक्टोबर १९३८ला ऑर्सन वेल्सनं त्या कादंबरीचं रेडिओनाट्य बातमीपत्राच्या ढंगात सादर केलं, आणि मंगळावरून हल्ला झालाय असं काही श्रोत्यांना खरंच वाटलं. म्हणजे या प्रकाराचा एक मूळपुरुषच आवाजावर चाललेला होता. फरक असा की वेल्सच्या निवेदकांवर लोकांचा सहज विश्वास बसला. बिलीवर बसत नाही. पॅटरसननं जुन्या युक्तीत ही एक गोष्ट घातली, आणि तिला पैसे पडले नाहीत.

दुसरा सिनेमा त्याच्याही पस्तीस वर्षं आधीचा: जॉन सेल्सचा 'द ब्रदर फ्रॉम अनदर प्लॅनेट' (१९८४). खर्च साडेतीन लाख डॉलरच्या आसपास. सेल्सला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली होती, त्यातले पैसे त्यानं यात घातले. यातला परग्रहवासी दिसतो, अगदी पहिल्या दृश्यापासून. तो माणसासारखाच आहे, कृष्णवर्णीय आहे, पायाला तीन बोटं आहेत, आणि त्याला बोलता येत नाही. तो आपल्या ग्रहावरून पळालेला गुलाम आहे. न्यूयॉर्कच्या बंदरात, एलिस आयलंडपाशी त्याचं यान पडतं. त्याला पकडायला दोन गोरे शिकारी मागोमाग येतात. त्यातल्या एकाची भूमिका सेल्सनं स्वतःच केलीय.

एलिस आयलंड म्हणजे एकेकाळी लाखो स्थलांतरितांची नोंद झालेली जागा. हा माणूस तिथल्या भिंतीला हात लावतो आणि त्याला तिथून गेलेल्यांचे आवाज ऐकू येतात. पुढे तो हार्लेममध्ये पोचतो. जो्‍ मॉर्टन हा नट अख्खा सिनेमाभर एक शब्द बोलत नाही आणि भेटणारा प्रत्येक जण त्याच्याशी भरभरून बोलतो. बारमधले नेहमीचे गिऱ्हाईक, घर देणारी बाई, चुकून हार्लेममध्ये आलेले दोन गोरे तरुण. हा गप्प असल्यामुळे जो तो आपलं पोट त्याच्यापुढे रिकामं करतो. आपल्या बाजूनं संपर्क साधायची केवढी घाई असते, आणि समोरच्याचं ऐकायची किती कमी, हे सेल्स विनोदी पद्धतीनं दाखवत राहतो.

या सिनेमातला माझा आवडता स्पेशल इफेक्ट सबवेत घडतो. एक पत्त्यांचे खेळ करणारा तरुण परग्रहवासीयाला म्हणतो, आता मी डब्यातले सगळे गोरे गायब करून दाखवतो. पुढचं स्टेशन १२५वी स्ट्रीट, म्हणजे हार्लेम, अशी घोषणा होते. दार उघडतं आणि डब्यातले सगळे गोरे प्रवासी मुकाट उतरून जातात. दुसऱ्या ग्रहावरून आलेल्याला पृथ्वी समजावून सांगायला याहून चांगला मार्ग मला सुचत नाही. खर्च: ट्रेनचं तिकीट.

तिसरा, ब्रिटिश दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्सचा 'मॉन्स्टर्स' (२०१०), पाच लाख डॉलरच्या आत झालेला. एडवर्ड्सनं कॅमेरा स्वतः चालवला आणि इफेक्ट्सही स्वतःच, घरी बसून, बाजारात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केले. टीम एका व्हॅनमध्ये मावेल एवढी. उत्तर मेक्सिकोचा मोठा पट्टा परग्रहावरच्या जीवांमुळे 'बाधित' झालाय आणि अमेरिकेनं सीमेवर अवाढव्य भिंत बांधलीय. एक फोटोग्राफर आपल्या मालकाच्या मुलीला तिथून घरी पोचवतोय. तो तिला एका ठिकाणी सांगतो की त्या जीवांनी मारलेल्या मुलाच्या फोटोला पन्नास हजार डॉलर मिळतात, हसऱ्या मुलाच्या फोटोला काहीच नाही. शेवटी एका पेट्रोल पंपावर दोन महाकाय जीव एकमेकांना स्पर्श करताना दिसतात आणि ही दोघं फक्त बघत राहतात. सिनेमाभर ज्यांच्यावर बॉम्ब पडत होते त्यांच्याकडे पहिल्यांदा कोणीतरी शांतपणे बघतं.

त्याच वर्षी 'स्कायलाइन' आला. तोही हॉलिवूडच्या मानानं स्वस्त. स्ट्रॉस बंधूंची स्वतःची इफेक्ट्सची कंपनी होती, आणि चित्रीकरण बरंचसं लॉस एंजेलिसमध्ये त्यांच्यातल्याच एकाच्या इमारतीत झालं. यानं, निळा प्रकाश, प्राणी, सगळं भरपूर दिसतं. "एवढ्या पैशांत एवढं" या निकषावर तो 'मॉन्स्टर्स'ला सहज हरवेल. पण फ्लॅटमध्ये अडकलेल्या माणसांतलं एकही नाव मला सिनेमा संपल्यावर आठवत नव्हतं. पहिलं टोक स्वस्तात मिळालं, म्हणून दुसऱ्या टोकाकडे कोणी बघितलंच नाही.

आता दुसरी बाजू. पैसे नसणं हा काही गुण नव्हे, आणि तंगीचं कौतुक करणाऱ्यांचा मला तेवढाच कंटाळा येतो. 'मॉन्स्टर्स'मधल्या बऱ्याच जागा आगाऊ परवानगी न घेता वापरल्या आहेत आणि पडद्यावर दिसणारे कितीतरी लोक त्या वेळी तिथे होते म्हणून सिनेमात आले. त्यामुळे तो खरा वाटतो, हे मान्य. पण हा सिनेमा सीमेबद्दल आहे, आणि सीमेच्या अलीकडे राहणारी माणसं त्यात देखाव्यासारखी येतात. ती रस्ता दाखवतात, जेवू घालतात आणि फ्रेमबाहेर जातात. गोष्ट दोन अमेरिकनांचीच राहते. बजेट कमी असल्यावरही कोणाला संवाद द्यायचे हे दिग्दर्शकच ठरवतो. सेल्सनं त्याहून कमी पैशांत एका बारमधल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बोलायला दिलं होतं.

'द व्हास्ट ऑफ नाइट'चंही तेच. शेवटी त्याला राहवत नाही आणि तो आकाशात यान दाखवतो. वाईट नाही, पण त्या एका मिनिटात तो इतर शंभर सिनेमांसारखा होतो. पुढच्याच क्षणी तो सावरतो: फे, एव्हरेट आणि फेची तान्ही बहीण नाहीशी झालेली, जमिनीवर उरलेली पावलं आणि टेपरेकॉर्डर. तिकडे मॅच संपून गाव घरी निघालेलं.

आपल्याकडे हे कोणालाच ठाऊक नव्हतं असं नाही. सत्यजित राय यांच्या 'बंकुबाबूर बंधू' (१९६२) या बंगाली कथेत परग्रहवासी भेटतो तो खेड्यातल्या एका भिडस्त मास्तरांना, ज्यांची गावातल्या अड्ड्यावर रोज टिंगल होते. पुढे राय यांनी 'द एलियन' नावाची पटकथा लिहिली, ती हॉलिवूडच्या पैशांची वाट बघत राहिली आणि सिनेमा झालाच नाही. कथेला लागले होते एक मास्तर आणि एक बांबूचं बन.

मराठीत असा सिनेमा का होत नाही, असं विचारलं की उत्तर येतं, "व्हीएफएक्स परवडत नाही." कॉलेजात एकांकिका केलेल्या कोणालाही विचारा. चार खोकी आणि एक स्पॉट यांच्या जिवावर आपण हिमालयापासून युद्धभूमीपर्यंत सगळं उभं केलेलं आहे. मला असा एक मराठी सिनेमा बघायचाय: महावितरणच्या सबस्टेशनवर रात्रपाळीला बसलेली कंत्राटी ऑपरेटर, तालुक्याच्या बाहेर, लोड मीटरचा काटा नको तसा हलतोय. ती आधी वरच्या साहेबांना फोन करते, मग दुसऱ्या सबस्टेशनला, मग पोलिसांना. यान शेवटपर्यंत दिसलं नाही तरी चालेल. तिचा फोन कोणी उचलला आणि कोणी कट केला, ते नीट दाखवा.