'श्यामची आई' आणि तिचे वाचक

गेल्या पावसाळ्यांत रत्नागिरींतील आमच्या घरीं 'श्यामची आई' पुन्हा एकदां मोठ्यानें वाचली गेली. वाचन संपलें तेव्हां आमच्या वडील भगिनी पदरानें डोळे पुशीत होत्या. पुतण्या मात्र, एवढे अश्रू कशाला, असें म्हणून उठून गेला. सूनबाईंचा आक्षेप याहून गंभीर होता. या आईच्या हातून चूक अशी होतच नाहीं. अशी मूर्ति पुढें ठेवून खऱ्या आयांना आपण उगीच अपराधी ठरवितों, असें त्यांचें म्हणणें पडलें. तिन्ही मतें प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आमच्याच जिल्ह्यांतील पालगड येथें जन्मलेल्या साने गुरुजींनीं हें पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारींत, नाशिकच्या तुरुंगांत, अवघ्या पांच दिवसांत लिहिलें. तें १९३५ सालीं प्रसिद्ध झालें. याला कादंबरी म्हणावें कीं आत्मकथा, हा वाद आम्ही बाजूस ठेवितों. आश्रमांतील सोबत्यांना श्याम बेचाळीस रात्री आईच्या आठवणी सांगतो, आणि त्यांतील कितीतरी आठवणी त्याच्या स्वतःच्या अपराधांच्या आहेत. मुक्या कळ्या वेळेआधीं तोडणें, पोहण्याच्या भीतीनें लपून बसणें, पुस्तकासाठीं पाहुण्याचे पैसे चोरणें. प्रत्येक वेळीं श्याम चुकतो, आई त्याला ताळ्यावर आणते आणि पोटाशीं धरते.

हा क्रम शेवटीं मोडतो. आई अंथरुणाला खिळते तेव्हां श्याम शिक्षणासाठीं दूर असतो. तो घरीं पोंचण्यापूर्वींच ती गेलेली असते. ज्या चुकीची क्षमा सर्वांत अधिक हवी, ती करणारेंच आतां कोणी उरत नाहीं. इंग्रज पंडित डॉ. जॉन्सन यांनीं तरुणपणीं युटॉक्सेटरच्या बाजारांत वडिलांच्या पुस्तकांच्या दुकानीं जाण्याचें नाकारलें होतें. पुढें उतारवयांत ते त्याच बाजारांत भर पावसांत उघड्या डोक्यानें उभे राहिले. श्यामच्या बेचाळीस रात्री या अशाच प्रायश्चित्ताच्या आहेत.

हें ध्यानीं घेतलें म्हणजे सूनबाईंच्या आक्षेपाचें मूळ कळतें. आई निर्दोष दिसते, कारण तिची कथा सांगणारा मुलगा पश्चात्तापानें भरलेला आहे. तिचे दोष मोजण्याचा आपला अधिकार सरला, असें ज्याला वाटतें, तो तिचें चित्र दुसऱ्या कोणत्या रंगांत काढणार? तरीही त्या चित्रांत एक मानी स्त्री दिसतेच. भित्र्या मुलाला मार देऊन पोहावयास धाडणारी, मिंधेपणा नको म्हणून स्वतंत्र झोंपडीचा हट्ट धरणारी ही आई कांहीं देवघरांतील मूर्ति नव्हे.

पुतण्याचें म्हणणें आम्ही अर्धें मान्य करितों. प्रसंग संपल्यावरही लेखक अनेक जागीं बोध सांगत राहतो, आणि तेथें कथा मंदावते. वाचकाचे अश्रू हें कांहीं थोरवीचें प्रमाण नव्हे. पण ते कशाचे, हें विचारलें पाहिजे. आम्हीं भगिनींना विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, श्यामची आई त्यांना आठवलीच नव्हती. आपल्या आईला लिहावयाचें राहून गेलेलें एक पत्र आठवलें होतें.

ज्यांच्या आया हयात आहेत त्यांनीं हें पुस्तक लौकर वाचावें. उशिरां वाचणारास त्याची किंमत अधिक कळते, पण उपयोग कमी होतो.