‘एनी’चा ‘नाही’ किती खरा?

पायथनमधल्या ‘एनी’ या फंक्शनवर टीका करण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. संचातला एक तरी घटक अट पूर्ण करतो का, एवढंच ते सांगतं. २००६ मध्ये पायथन २.५ सोबत ते आलं आणि चार-पाच ओळींचा लूप एका ओळीत मावला. पहिला ‘हो’ सापडला की ते पुढचं बघतही नाही, म्हणजे वेळही वाचतो. माझी तक्रार त्याच्या ‘हो’बद्दल नाहीच, ‘नाही’बद्दल आहे.

उदाहरण आपल्याकडचं घेऊ. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की आपल्या राज्यात अतिवृष्टी धरतात. पंचनामे, मदत वगैरे चर्चा तिथून सुरू होते, म्हणजे हा आकडा नुसता आकडा नाही. समजा, मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेचे जून ते सप्टेंबर अशा १२२ दिवसांचे आकडे तुमच्याकडे आहेत. प्रश्न असा: एका तरी दिवशी पाऊस ६५ च्या वर गेला का?

आता समजा, त्यातले ११ दिवस यंत्र बंद होतं. पायथनमध्ये ही रिकामी जागा बहुधा ‘नॅन’ म्हणून येते. नॅन ६५ पेक्षा मोठा आहे का विचारलं, तर उत्तर ‘फॉल्स’. म्हणजे १११ दिवसांचं खरं ‘नाही’ आणि ११ दिवसांचं ‘माहीत नाही’ एकाच पोत्यात गेलं. एनी ‘फॉल्स’ म्हणतं आणि प्रबंधात वाक्य पडतं, ‘या हंगामात अतिवृष्टी झाली नाही.’ यंत्राला बंद पडायला जोराच्या पावसाचाच मुहूर्त मिळाला असेल तर?

‘हो’चं तसं नाही. एका दिवशी ८० मिलिमीटरची नोंद असेल, तर बाकीचे १२१ दिवस हरवले तरी उत्तर तेच राहतं. ‘हो’ला एक साक्षीदार पुरतो, ‘नाही’ला सगळ्यांची हजेरी लागते. आणि एनी हजेरी घेत नाही.

‘आर’ भाषा इथे जास्त प्रामाणिक वाटते मला. तिथे रिकामी जागा ‘एनए’ असते, तुलनेनंतरही एनएच राहते, आणि एकही ‘ट्रू’ नसेल तर तिथलं एनी सरळ ‘एनए’ म्हणतं. मग पुढची ‘इफ’ची ओळ एरर देते, आपण वैतागतो आणि एनए वगळायचा पर्याय चालू करतो. झालं, पुन्हा ‘फॉल्स’! भाषेनं दिलेला इशारा आपणच पुसला. (पायथनची आणखी एक गंमत: अट न लावता नुसता नॅन एनीला दिला, तर उत्तर ‘ट्रू’ येतं. पांडाजमध्ये तेच केलं तर ते नॅन वगळतं आणि ‘फॉल्स’ देतं. करून बघाच.)

रिकामा संच हा दुसरा सापळा. त्यावर एनी ‘फॉल्स’ देतं, आणि गणिताच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. पण संच रिकामा झाला कसा? फाइलीत ‘बढे’चं ‘बडे’ झालेलं असू शकतं, नावामागे एखादी जास्तीची स्पेस असू शकते. गाळणीतून एकही ओळ येत नाही, एरर येत नाही, आणि तुम्हाला वाटतं पाऊसच कमी होता. नुसतं ‘धामणगाव’ शोधाल तर अमरावती जिल्ह्यातलं धामणगाव रेल्वेही आत येईल, मग तिथल्या पावसानं इथे ‘ट्रू’!

म्हणून माझ्या कोडमध्ये एनी एकटं नसतं. त्याच्या आधी दोन आकडे छापतो: एकूण ओळी किती, त्यातल्या रिकाम्या किती. एनी ‘ट्रू’ असेल तर ‘हो’. ‘फॉल्स’ असेल, सगळे १२२ दिवस हजर असतील आणि एकही रिकामा नसेल, तरच ‘नाही’. उरलेल्या सगळ्या ठिकाणी तक्त्यात ‘सांगता येत नाही’ असं लिहितो. तक्ता थोडा गबाळा दिसतो, दिसू दे.