‘उठणे’ आणि ‘पुनरुत्थान’ : मराठीतील ईस्टरच्या आशेचा शब्द

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ईस्टरच्या पहाटे जी उपासना होते तिच्यात एकाच घटनेसाठी दोन शब्द वावरत असतात. उपदेशात येतो तो ‘पुनरुत्थान’. मुलांना कथा सांगताना तोंडी येते ते ‘उठणे’. दोहोंचे मूळ एकच आहे. ‘उत्था’ हा धातू प्राकृतातून झिजत येऊन ‘उठणे’ झाला. ‘उत्थान’ हे रूप ग्रंथांतून जसेच्या तसे उचलले गेले. परंतु मूळ एक असले तरी या दोन शब्दांनी मराठी मनाला दिलेला दिलासा एकच आहे असे म्हणवत नाही.

अडचण ‘पुनर्’ या पदापासून सुरू होते. ‘पुनरुत्थान’ कानी पडताच त्याच्या शेजारी ‘पुनर्जन्म’ येऊन बसतो. आणि संतवाङ्मयात जन्ममरणाचा फेरा हा चुकवावयाचा असतो, साजरा करावयाचा नसतो. (भक्तिसुखासाठी गर्भवासही मागून घेणारे तुकोबा हा अपवाद होय, पण त्या मागण्यातले धारिष्टच फेऱ्याच्या भयाची साक्ष देते.) ख्रिस्ती श्रद्धेला अभिप्रेत असलेली गोष्ट निराळी आहे. तेथे नवा जन्म नाही. तोच देह, त्याच जखमा आणि हाक मारण्याची तीच रीत. मग्दालीया मरीया गुरूला ओळखते ती त्याने तिचे नाव उच्चारल्यावर.

‘उठणे’ हा शब्द या अर्थाच्या कितीतरी जवळ आहे. ‘दुखण्यातून उठणे’ हा प्रयोग मराठीत सर्वत्र रूढ आहे. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेस मिशनचे रुग्णालय स्थापले. त्या मिरजेच्या शेजारच्या कुपवाडात खाटेवरून उठून घरी आलेल्या माणसाविषयी बोलताना आणि ईस्टरची कथा सांगताना एकच क्रियापद वापरले जाते, हा योगायोग नव्हे. मार्काच्या शुभवर्तमानात तापाने पडलेल्या पेत्राच्या सासूला येशू उठवितो, पक्षाघाती माणसाला उठण्याची आज्ञा करतो आणि अखेरीस तो स्वतः उठल्याचे स्त्रियांना कबरेत सांगितले जाते. मूळ ग्रीकमध्ये या तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद आहे. ‘पुनरुत्थान’ म्हटले की हा धागा तुटतो. सण आजाऱ्याच्या खाटेपासून दूर जातो.

याहून लक्षणीय आहे तो ‘-तून’ हा प्रत्यय. ‘दुखण्यातून उठला’ म्हणजे सावरला. पण ‘आयुष्यातून उठला’ म्हणजे पुरता बुडाला. रचना तीच, अर्थ उलटा. ‘मेलेल्यांतून उठणे’ हा ख्रिस्ती मराठीतला प्रयोग या दोहोंच्या मध्ये येऊन उभा राहतो. कर्जाने, मृत्यूने वा व्यसनाने आयुष्यातून उठलेल्या घराला तो त्यांच्याच व्याकरणात दुसरा अर्थ देऊ करतो.

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. त्यात पंडिती शब्द टाळून साध्या मराठीचा आग्रह धरला आहे. ज्यांना संस्कृत मुखोद्गत होते त्यांनीच हा आग्रह धरावा, हे ‘पुनरुत्थाना’च्या अभिमान्यांनी ध्यानात घ्यावयास हवे. ‘ख्रिस्तायना’ची कथा वेगळी आहे. नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तले तेव्हा त्याचे आरंभीचे अध्यायच लिहून झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी रचले. ख्रिस्ताच्या मृत्यूकडे जाणारी वाट अशा रीतीने एका विधवेच्या वाट्याला आली. काव्यगुणांत तिचे माप टिळकांपेक्षा कमी भरेल. परंतु दुःख बोलीत सांगण्याचे जे सामर्थ्य ‘स्मृतिचित्रां’त आहे, ते टिळकांच्या संस्कारित शैलीत क्वचितच आढळते.

शब्दांसारखीच गोष्ट ऋतूची. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. युरोपीय गीतांची भाषांतरे करताना वितळणारे हिम आणि त्याखालून वर येणारे फूल ही प्रतिमाही मराठीत आणली गेली. थॉमस स्टीफन्स स्वतः इंग्रज. पण १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते ओवीत. छंद इथला घेण्याचे जे तारतम्य त्याने दाखविले, ते ऋतूच्या बाबतीत पुढच्या भाषांतरकारांना साधले नाही. कुपवाडला त्या दिवसांत हळद निघून गेलेली असते, रान उघडे पडलेले असते, औद्योगिक वसाहतीतील पत्रे तापू लागलेले असतात. पाऊस अजून दोन महिने दूर असतो. आणि नेमक्या त्याच वेळी कडुनिंब व पिंपळ पालवतात. युरोपचा वसंत थंडी हटल्यावर येतो. चैत्रपालवी मात्र ऊन वाढत असतानाच, पाण्याची वाट न पाहता फुटते. मार्काच्या शुभवर्तमानाची सर्वांत जुनी हस्तलिखिते कबरेपासून पळालेल्या स्त्रियांच्या भयापाशीच थांबतात. पुढचे दर्शन तेथे नाही. त्या अपुऱ्या शेवटासाठी चैत्रपालवीइतकी जवळची प्रतिमा हाताशी असताना मराठी गीतकार अजून हिमातले फूल खुडीत आहेत.