'ब्लूटूथ-सीटीएल': एक रसग्रहण

लिनक्सवर ब्लूटूथचा हेडफोन जोडायचा, तर 'ब्लूटूथ-सीटीएल' हे नाटक वाचावं लागतं. पात्रं दोनच: आपण आणि काळा पडदा. ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाचं. त्याने सारा डेन्मार्क एका छत्राखाली आणला. मला एक हेडफोन आणता येईना.

नाटकाची भाषा मितभाषी. 'पॉवर ऑन' म्हटलं, की उत्तर येतं, 'फेल्ड... ब्लॉक्ड.' कोणी अडवलं, आता करायचं काय, अवाक्षर नाही. सरकारी कचेरीतला कारकूनसुद्धा निदान 'पलीकडच्या खिडकीवर जा' म्हणतो हो! इथली पलीकडची खिडकी म्हणजे 'आरएफकिल'. तिथे 'अनब्लॉक ब्लूटूथ' म्हटलं आणि स्वारी जागी झाली. विमानाचं चित्र असलेलं बटण माझ्याच अंगठ्याने दाबलं होतं, हे घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही.

दुसरा अंक मात्र अव्वल. 'पेअर' म्हणजे ओळख आणि किल्ल्यांची देवाणघेवाण. 'कनेक्ट' म्हणजे आजची भेट. 'ट्रस्ट' म्हणजे उद्या न विचारता घरात येण्याची मुभा. मी 'ट्रस्ट' गाळलं, म्हणून हेडफोन रोज परक्यासारखा परवानगीसाठी दाराशी ताटकळे. नात्यांतला इतका बारीक फरक कौटुंबिक कादंबऱ्यांतही सापडत नाही.

तक्रार एकच. लेखक खोटं बोलत नाही, पण खरं अर्धंच सांगतो. 'कुलूप आहे' म्हणणाऱ्याने किल्ली कुठे टांगलीय तेही सांगावं. एका ओळीचं तर काम!

बाकी पाहुणा आता आपला आपण येतो. मी फक्त अंगठा सांभाळतो.