शीर्षकातला बाप

अरुण खोपकर यांच्या ‘नारायण गंगाराम सुर्वे’ (२००२) या सुवर्णकमळ-विजेत्या माहितीपटाचे मर्म शीर्षकातच आहे. बेवारस अर्भकाला गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी आपले नाव दिले; दिग्दर्शकाने त्या बापाला कवीपासून तोडलेले नाही. तरुण सुर्वे किशोर कदम, म्हणजेच कवी सौमित्र, साकारतात. माहितीपटात अभिनय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु १९८२ च्या संपानंतर गिरणगावच ओसरत गेले होते. कॅमेऱ्याने ते शोधावे कुठे? सुर्वे २०१० साली निवर्तले. माहितीपट कवीसाठी वेळेवर आला, त्यांच्या परिसरासाठी उशिरा. वसईतही वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. आपल्या कवी-चित्रकारांचे चित्रण त्यांची वाडी, विहीर, बावखल शाबूत आहे तोवरच व्हायला हवे.