लहान होण्याचे नियम

नाटकाचा पास फुकट मिळाला की परीक्षण लिहून फेडायचा आणि व्याख्यानात वडा फुकट मिळाला की गप्प बसून फेडायचा, अशी आपल्याकडची रीत आहे. आज मी ती मोडणार आहे. याला व्याख्याते स्वतःच जबाबदार आहेत. 'रीत मोडा' असं त्यांनीच सांगितलं होतं.

स्थळ, शिरोली एमआयडीसीतली एक फौंड्री. कोल्हापूरहून पंचगंगेचा पूल ओलांडला की हायवेच्या कडेनं हा संसार सुरू होतो. मी तिथं खर्चाचे हिशेब बघत होतो, तेव्हाची गोष्ट. फौंड्रीत कास्टिंग आणि कॉस्टिंग अशी दोन खाती. कास्टिंग बिघडलं तर ते पुन्हा वितळवतात. कॉस्टिंग बिघडलं तर मला वितळवायचे.

व्याख्यानाचा विषय होता 'तुमच्यातलं मूल जागं करा'. कॅन्टीनमध्ये चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. श्रोत्यांतले निम्मे रात्रपाळी करून आलेले. त्यांच्यातला बापच जागा राहत नव्हता, तिथं मूल कुठून जागं होणार?

परीक्षणाच्या शिस्तीप्रमाणे आधी गुण सांगतो. पुण्याहून आलेल्या या गृहस्थांचा आवाज खणखणीत होता. मध्ये माईक बंद पडला तो कुणाला कळलाही नाही. त्यांनी प्रत्येकाला रंगीत खडू दिले आणि सूर्य काढायला सांगितला, पिवळा सोडून कुठल्याही रंगाचा. मी हिरवा काढला. रंग रेषेबाहेर जाऊ दिला नाही. खाली तारीख घालून सही केली. शेजारच्या भट्टीवाल्यानं पांढरा सूर्य काढला.

"हा कसला सूर्य?" मी विचारलं.

"लई तापलं की पांढरंच हुतंय, सायेब."

रोज तेराशे-चौदाशे अंशांच्या रसाकडे बघणारा माणूस तो. त्याला सूर्याचं काय सांगायचं!

आता दोष. 'मूल कुठलाच नियम मानत नाही' हे व्याख्यात्यांचं पालुपद. या गृहस्थांनी मूल बहुधा कॅलेंडरवरच बघितलं असावं. माझी नात तेव्हा सहा वर्षांची. ती भातुकली मांडायची तेव्हा आमच्या घरात फॅक्टरी ॲक्टापेक्षा जास्त कलमं लागू व्हायची. रिकाम्या कपातला चहा मी फुंकर न घालता प्यायलो, तर "भाजलं ना तोंड, आजोबा?" असं म्हणून मला पाच मिनिटं आजारी पाडलं जाई.

एवढ्यात मोल्डिंगमधल्या एका मामांनी हात वर केला.

"सायेब, नियम मोडायचा म्हंजे कुठला?"

"कुठलाही!"

"मग वाळूत पानी जादा घालू?"

व्याख्याते हसले. मामा हसले नाहीत. साच्याच्या वाळूत पाणी असतं शंभर भागांत तीन-चार भाग. ते फार वाढलं तर रस पडताक्षणी त्याची वाफ होते. नशीब चांगलं असेल तर कास्टिंगला भोकं पडून निभावतं. नसेल तर रस उसळून अंगावर येतो. हा नियम कुठल्या साहेबानं काढलेला नाही. तो पाण्याचा आणि लोखंडाचा आपसातला करार आहे.

खरं तर मामांना 'लहान व्हा' म्हणून सांगायची गरजच नव्हती. आपण लहानपणी नदीकाठी पायावर ओली वाळू थापून खोपा करायचो आणि श्वास रोखून पाय काढून घ्यायचो. मामा आयुष्यभर तेच करत आले होते. फक्त पायाच्या जागी पॅटर्न.

त्याच वर्षी खंडेनवमीच्या पूजेला मी नातीला कारखान्यात नेलं. तिनं पॅटर्नमिस्त्रींची पट्टी उचलून आपल्या दप्तरातल्या पट्टीला लावली आणि जाहीर केलं, "आजोबा, ही पट्टी खोटी आहे. हिचा फूट मोठा आहे."

मी वर्षानुवर्षं त्या पट्टीशेजारून जात होतो. मला वाटायचं, फूट म्हणजे फूट. मिस्त्रींनी तिला समजावलं, "लोखंड थंड झालं की अंग चोरतंय, बाळ. फुटाला आठवा हिस्सा इंच. म्हनून आमी पट्टीच तेवढी लांब ठेवतो."

"हे कुणी ठरवलं?"

"लोखंडानं."

"बरं," म्हणून तिनं ते मान्य करून टाकलं. मग माझ्या टेबलाशी येऊन लाल शिक्का उचलला. "आणि हे कुणी ठरवलं?"

मला उत्तर देता आलं नाही.

माझं म्हणणं एवढंच, की मुलाची करामत नियम मोडण्यात नसते. नियम कुणी केला हे विचारण्यात असते. याचा दाखला कोल्हापुरात खरी कॉर्नरला उभा आहे, कॅमेऱ्याचा स्तंभ. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा इथंच बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. या खटपटीतले त्यांचे जोडीदार, आनंदराव पेंटर, १९१६ सालीच गेले होते. कॅमेरा विलायतेहूनच यायचा, हा नियम माणसांचा. तो बाबूरावांनी मोडला. फिल्म उजेडापासून जपायची आणि भिंगामागं एकेका चित्रापुरती थांबवून पुढं सरकवायची, हा नियम उजेडाचा. तो त्यांनी केसभरही मोडला नाही. मोडला असता तर हाती एक सुरेख पेटी आणि काळीठिक्कर फिल्म राहिली असती, आणि पेटीचा कुणी स्तंभ बांधत नाही.

आता कबुली देतो. त्याच मामांनी फार वर्षांपूर्वी सूचनापेटीत एक चिठ्ठी टाकली होती. मोल्डिंगच्या एका बॉक्समध्ये तेव्हा एकच कास्टिंग बसायचं. मामांनी लिहिलं होतं, 'यष्टीत दोन पोरं निजवत्यात तशी उलटसुलट निजवली तर दोन बसतील.' चिठ्ठी विडीच्या पुडक्याच्या कागदावर होती, छापील नमुन्यावर नव्हती. 'अपेक्षित बचत' हा रकाना तिच्यात नव्हता. मी लाल शिक्का मारून ती परत केली. चार वर्षांनी बाहेरून आलेल्या सल्लागारांनी तीच गोष्ट नकाशा काढून सांगितली. त्यांचं बिल मीच पास केलं.

तेव्हा परीक्षणाचा निकाल असा : व्याख्यान ठीक, श्रोते चुकले. चाळीस खुर्च्यांची गरज नव्हती. एकच पुरली असती, शिक्क्यासमोरची.

निवृत्त व्हायच्या दिवशी मी धीर करून मामांजवळ त्या चिठ्ठीचा विषय काढला. त्यांनी हातावरची वाळू झटकली.

"असू द्या वो, सायेब," ते म्हणाले. "पोरं निजली न्हवं शेवटाला?"